ओढा पायपात घालू नका, प्लॉटच्या रेघा सगळ्यात शेवटी मारा

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. साताऱ्याच्या पश्चिमेला डोंगराच्या पायथ्याला तिघा भावांची मिळून चार एकर जमीन, मधून ओढा, वरच्या अंगाला पाच जुने आंबे, ओढ्यालगत दगडी बांधणीची विहीर. प्लॉटिंग करायचं ठरलंय आणि जो लेआउट काढून मिळालाय त्यात ओढा पायपात घालून त्यावरून रस्ता, आंबे काढलेले, विहीर बुजवलेली, असे मिळून ३८ प्लॉट. मधल्या भावाचं म्हणणं की ओढा तसाच ठेवला तर सहा प्लॉट जातात, आणि तुम्हाला मनातून ते पटत नाही पण त्याला उत्तर देता येत नाहीये. मी सत्तावीस वर्षं हीच कामं करतोय, लेआउट काढणं, साईटवर आखणी करणं, मंजुरीच्या मागं फिरणं, त्यामुळं जरा सविस्तरच लिहितो.

सरळ सांगायचं तर तो लेआउट घेऊ नका. झाडं, ओढा चांगला दिसतो म्हणून सांगत नाहीये, तो तर दिसतोच, पण मुख्य गोष्ट पाण्याची आहे. चार एकर म्हणजे साधारण १६,२०० चौरस मीटर. एक मिलिमीटर पाऊस एका चौरस मीटरवर पडला की एक लिटर पाणी होतं, तेव्हा आपल्याकडं वळवाची एखादी सर तासाभरात ५० मिलिमीटर देऊन गेली तर तुमच्या एकट्या जमिनीवर आठ लाख लिटर पाणी पडलं, दहा हजारी टँकर धरले तर ऐंशी टँकर, आणि तेही एका तासात. आज तिथं गवत आहे, नांगरट आहे, ताली म्हणजे दगडी बांध आहेत, त्यामुळं त्यातलं बरंचसं मुरतं, उरलेलं सावकाश ओढ्याला जातं. उद्या तिथं स्लॅब, काँक्रीटचे रस्ते आणि घरापुढं पेव्हर ब्लॉक आले की जवळजवळ सगळंच वाहणार आणि एकदम वाहणार. म्हणजे ओढ्याची गरज प्लॉटिंगनंतर वाढते आणि आपण नेमका त्याच वेळी तो लहान करायला निघतो.

आणि हे झालं फक्त तुमचं पाणी, डोंगरावरनं येणारं वेगळंच. तुमच्या ओढ्याला वरचा किती डोंगर लागतो हे कुणी मोजलंय का? नकाशावर पाणलोट काढून बघा. समजा ६० हेक्टर निघाला, तासाला ६० मिलिमीटरचा जोर धरला आणि त्यातलं ४० टक्के वाहतं असं धरलं, तर सेकंदाला ४ घनमीटर म्हणजे चार हजार लिटर पाणी तुमच्या बांधावर येऊन उभं राहतं. ९०० मिलिमीटरचा सिमेंट पाईप, शंभराला एक उतार, आतनं अगदी स्वच्छ, तो पूर्ण भरून वाहिला तर सेकंदाला १,८०० लिटरच्या आसपास नेतो. दोन टाकले तरी पुरत नाहीत, आणि हे पाईप नवा असताना. पहिल्याच पावसात वरनं फांद्या, पिशव्या, एखादं मेलेलं कुत्रं येतं आणि तोंडाला अडकतं, मग पायपात पाणी किती मावतं हा हिशोबच राहत नाही, ते रस्त्यावरनं वाट काढतं आणि खालच्या प्लॉटच्या कंपाउंडवर जाऊन आदळतं.

हे पुस्तकातलं सांगत नाहीये. धंद्यात नवा असताना मी स्वतः असा एक ओढा पायपात घातलाय. मालकाला चार प्लॉट जादा मिळाले, मलाही चांगलं काम केल्यासारखं वाटलं, मंजुरी पण व्यवस्थित झाली. तिसऱ्या पावसाळ्यात रात्री पाणी फिरलं आणि खालच्या रांगेतल्या दोन घरांत कमरेएवढं शिरलं. दुसऱ्या दिवशी गेलो तर एक म्हातारी अंगणात दिवाणावरची गादी भिंतीला टेकवून वाळत घालत होती, मला म्हणाली, बाळा, हितं वढा हुता, आमाला सांगायला पायजे हुतं न्हवं. त्या दिवसापासनं कुठल्याही ओढ्यावर मी रेघ मारलेली नाही आणि कुणी मारायला सांगितली तर काम सोडलंय.

आता करायचं काय. पहिली गोष्ट, तुम्ही तिघं भाऊ आणि तुमची जमीन जे कसतात ते काका, असे मिळून भर पावसात जमिनीवर जा. छत्री घेऊन, आणि पायात चिखलात चालेल असं काहीतरी घालून. उन्हाळ्यात जमीन काहीच सांगत नाही. पावसात दिसतं की पाणी कुठल्या बांधावरनं उतरतं, सांडवा कुठं आहे, कुठल्या कोपऱ्यात ते साचून राहतं, कुठं झरा फुटतो. आपल्या भागात खडकाचे थर एकावर एक आहेत, वरचा मुरमाड थर पाणी धरतो आणि खाली काळा पाषाण लागला की ते पाणी आडवं सरकत सरकत कुठंतरी बाहेर पडतं, म्हणून डोंगराच्या पायथ्याला दिवाळीपर्यंत ओलं राहणारं एखादं शेत हमखास असतं. तिथं कुणाचं घर बांधलं तर त्या घराच्या भिंतीला जन्मभर ओल. आणि एक करा, ओढ्याकाठच्या बाभळी-करंजीकडं बघा. मागच्या महिन्यात मी एका साईटवर गेलो होतो, ओढ्यात घोटाभर पाणी पण नव्हतं, मालक म्हणत होता की हा कसला ओढा, पाट आहे नुसता. काठावरच्या बाभळीच्या फांदीत पाचोळा, चिपाडं आणि खताच्या पोत्याची चिंधी अडकून बसली होती, माझ्या छातीइतक्या उंचीला. मी नुसतं बोट दाखवलं. एवढ्या उंचीवरनं पाणी गेलंय हे लिहून ठेवलेलंच होतं तिथं. तुमच्याकडं अशी खूण सापडली की तिथं रंगाचा पट्टा मारा आणि मोजणी करणाऱ्याला त्या खुणेची लेव्हल घ्यायला सांगा.

मोजणी म्हणजे नुसती हद्दीची नाही. भूमि अभिलेखची हद्द कायम मोजणी लागतेच, पण लेआउटसाठी टोटल स्टेशन या मोजणीच्या यंत्रानं कंटूर म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेघा काढून घ्या, उंचीच्या अर्ध्या मीटरच्या अंतरानी, आणि त्यात प्रत्येक मोठं झाड, त्याच्या फांद्यांचा घेर, विहीर, ताली, उघडा खडक, ओढ्याचे दोन्ही काठ आणि तळ हे सगळं आलं पाहिजे. तुम्हाला मिळालेल्या नकाशात एकही कंटूर नाही, ओढा दोन सरळ रेघांत दाखवलाय, म्हणजे काढणारा माणूस जागेवर गेलाय का अशी मला शंका आहे. गाव नकाशा आणि जुना गटाचा नकाशा पण काढा, कधी कधी आज शेतात बुजलेला ओहोळ त्यात दिसतो आणि मोठ्या पावसात पाणी त्याच जुन्या वाटेनं येतं.

मग कागदावर काम सुरू करायचं ते उलट्या क्रमानं. आपल्याकडं पहिल्यांदा रस्त्याची जाळी मारतात, मग तिच्यात प्लॉट बसवतात आणि जे तिरपं-तुकडं उरलं ती ओपन स्पेस. तसं न करता आधी जे हलवायचं नाही ते रंगवा, म्हणजे ओढा आणि त्याचे काठ, ओली जागा, आंबे, विहीर, फार तीव्र उतार. मग घराला चांगल्या जागा कुठल्या ते बघा, मुरमाड, कोरड्या, वारा येणाऱ्या. मग त्या घरांपर्यंत जायला रस्ता कसा न्यायचा, आणि प्लॉटच्या रेघा सगळ्यात शेवटी. अमेरिकेतले प्लॅनर हाच क्रम बऱ्याच वर्षांपासून शिकवतात, पण आपल्याला तो नवीन वाटायचं कारण नाही, जुनी गावं अशीच बसलेली आहेत, गावठाण उंचवट्यावर, ओढा बाजूनं, चांगली माती शेताला. सातारा शहर बघा, अजिंक्यतारा आणि यवतेश्वरच्या उताराला बसलंय, महादऱ्याचं आणि यवतेश्वरचं पाणी खापरी नळांनी हौदात यायचं आणि कास तलावाचं पाणी तर पंप न लावता उतारानं येतं. उतार त्या लोकांनी कामाला लावला होता.

तुमच्या जमिनीत सगळ्यात मोठा फरक पडतो तो घरांचं तोंड कुणीकडं यावर, आणि हे कुणी सांगत नाही म्हणून मुद्दाम लिहितो. ओढा नुसता वाचवून भागत नाही. प्लॉटांची पाठ ओढ्याकडं आली की प्रत्येक जण मागच्या भिंतीवरनं राडारोडा टाकतो, संडासचा पाईप हळूच तिकडं सोडतो, दोन-चार फूट भिंत पुढं सरकवतो, आणि पाच वर्षांत त्याचा उकिरडा होतो. मग तेच लोक नगरपालिकेकडं अर्ज करतात की घाण येते, स्लॅब टाकून झाका. तेव्हा ओढ्याच्या कडेनं रस्ता घ्या आणि घरांची तोंडं रस्त्याकडं म्हणजे पर्यायानं ओढ्याकडं ठेवा. मधे काठाची हिरवी पट्टी, तिच्यातनं पायवाट, सकाळ-संध्याकाळ माणसं तिथनं चालतात, पोरं खेळतात, सगळ्यांची नजर राहते. नजर असली की कचरा पडत नाही. रस्त्याच्या एकाच बाजूला प्लॉट आले म्हणजे रस्ता वाया गेला असं तुमचा भाऊ म्हणेल, पण ओढ्याच्या दोन्ही बाजूंना असा रस्ता करायची गरज नाही, एका बाजूला रस्ता आणि दुसऱ्या बाजूला विहीर, आंबे आणि ओपन स्पेस सलग जोडून घ्या.

ओपन स्पेसचं गणित इथंच बसतं. चार हजार चौरस मीटर आणि त्यावरच्या लेआउटला दहा टक्के मोकळी जागा सोडावीच लागते, तुमच्या १६० गुंठ्यांत ती १६ गुंठे. तुमच्या नकाशात ही सोळा गुंठे कोपऱ्यात, सगळ्यात चढाच्या ठिकाणी टाकलीय, जिथं कुणी बसणार नाही की खेळणार नाही. नाहीतरी सोडायचीच आहे तर ती आंब्याखाली आणि विहिरीभोवती सोडा. म्हणजे झाडं आणि विहीर वाचवायला वेगळी जागा जवळजवळ जातच नाही. ओढ्याचं पात्र मात्र त्या दहा टक्क्यांत धरू नका, ते तुमचं नाहीच. जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम २० प्रमाणे नदी-नाल्यांची पात्रं सरकारची, दुसऱ्या कुणाची मालकी सिद्ध झाली तरच वेगळं. शिवाय वरच्या शेतकऱ्याचं नैसर्गिकपणे येणारं पाणी तुम्ही अडवू शकत नाही, १८८२ च्या सुखाधिकार कायद्यापासनं हे चालत आलंय, त्यामुळं भावाला सांगा की ते सहा प्लॉट आपले कधी नव्हतेच. ओढ्यापासून बांधकामाचं जे अंतर नियमात आहे ते कमीत कमी समजायचं आणि बाभळीवरची ती खूण त्याच्या बाहेर जात असेल तर खूण खरी मानायची.

उताराबद्दल. १:५ किंवा त्याहून तीव्र उतारावर बांधकामाला परवानगी मिळत नाही, तो भाग आधीच बाजूला काढा. बाकी तुमचा उतार दहाला एकच्या आसपास दिसतोय. रस्ता सरळ डोंगराकडं चढवला तर तो दहा टक्के चढ झाला, पावसात तो रस्ता न राहता ओढा होतो आणि विटांचा ट्रक भरून चढताना मागं सरकतो. तोच रस्ता कंटूरला तिरपा घेतला तर वीसाला एकवर येतो, थोडा लांब होतो पण कटिंग आणि भराव वाचतो. प्लॉटची लांबी पण कंटूरच्या दिशेनं ठेवा. पंधरा मीटर खोल प्लॉट उताराच्या दिशेनं ठेवला तर मागच्या आणि पुढच्या टोकात दीड मीटर म्हणजे पाच फुटांचा फरक, लोक काय करतात की मागनं खोदतात आणि पुढं भर टाकतात, अर्धं घर मुरमावर आणि अर्धं भरावावर, दोन वर्षांत भराव बसला की मधोमध तडा. जुन्या ताली जिथं आहेत तिथंच प्लॉटची हद्द आणा, ती दगडी ताल म्हणजे आयती रिटेनिंग वॉल, माती अडवून धरणारी भिंत आहे, आपल्या आज्ज्या-पणज्यानं रचलेली, ती जेसीबीनं ढकलून पुन्हा काँक्रीटची भिंत बांधायची म्हणजे दोनदा पैसे. ढासळलेली असेल तिथं गवंड्याकडनं नीट करून घ्या आणि पाणी झिरपायला फटी ठेवा, सिमेंटनं दगडांतल्या दरजा भरू नका. आणि सगळ्यात वरच्या हद्दीला डोंगराचं पाणी वळवायला एक चर काढून तो ओढ्याला जोडा, हे काम पहिल्या दिवशीचं, रस्त्याच्याही आधीचं.

रस्त्याच्या कडेला बंद गटार करायची घाई करू नका. सांडपाणी बंद पायपातच पाहिजे, त्यात तडजोड नाही, पण पावसाच्या पाण्याला उथळ, रुंद, गवत लावलेला चर पुरतो, दर वीस-पंचवीस मीटरवर दगडाची आडवी पट्टी टाकली की पाणी थांबत थांबत, मुरत मुरत जातं. कॅलिफोर्नियात डेव्हिस गावात व्हिलेज होम्स म्हणून साधारण ७० एकरांची वसाहत आहे, १९७५ च्या सुमारास सुरू झालेली, तिथं पावसाचं सगळं पाणी असंच उघड्या चरांतनं नेलंय. तिथल्या अधिकाऱ्यांना ते सुरुवातीला मान्य नव्हतं, नंतर मोठ्या पावसात चरांनीच काम भागवलं. आपला पाऊस वेगळा, उतार जास्त, त्यामुळं चरात दगड जास्त लागणार, पण तत्त्व तेच.

आंब्यांचं जरा काळजीनं. झाड ठेवलं म्हणजे नुसता बुंधा ठेवला असं नाही. फांद्यांचा जेवढा घेर तेवढ्या जागेत तरी मुळं पसरलेली असतात, तिथं दोन फूट मुरमाचा भराव टाकला की मुळांना हवा मिळत नाही आणि झाड तीन-चार वर्षांत शेंड्याकडनं वाळत येतं, लोक म्हणतात रोग पडला. रोलर पण त्या घेरात फिरवू नका. काम सुरू व्हायच्या आधी पाचही झाडांभोवती बांबूचं कुंपण करा, नाहीतर ठेकेदार खडी आणि सिमेंट सावलीतच उतरवतो. शहरी हद्दीत १९७५ चा झाडांचा कायदा लागतो आणि २०२१ च्या दुरुस्तीपासून पन्नास वर्षं आणि त्यावरच्या झाडाला हेरिटेज म्हणून वेगळं संरक्षण आहे, तुमचे आंबे आजोबांनी लावलेले म्हणताय म्हणजे तेवढे असणारच, तेव्हा जमीन कुठल्या हद्दीत येते ते बघून घ्या. काठाला नवीन लावायचं असेल तर करंज, उंबर, जांभूळ, वाळुंज, ही पाण्याकाठची आपलीच झाडं, माती धरून ठेवतात. गुलमोहर, निलगिरी नको.

विहीर बुजवू नका एवढंच सांगेन. चार फूट कठडा, वरनं लोखंडी जाळी, आणि बागेला व वापराला पाणी. छपराचं पाणी गाळून तिच्यात सोडता येतं, रस्त्याचं नाही.

तुमच्या पाहुण्यांची सांगलीकडं जमीन आहे आणि त्यांनी पण हेच करावं का असं विचारलंय. तिकडची गोष्ट वेगळी आहे. तिथं उतार डोळ्याला दिसत नाही, काळी माती पाणी मुरू देत नाही आणि फुगते-आकसते, आणि कृष्णा उलटी आत येते. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला ४५ फूट ही धोक्याची पातळी, २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. तिथं पहिला कागद पूररेषेचा. निळी रेषा म्हणजे पंचवीस वर्षांत एकदा येणारा पूर, लाल म्हणजे शंभर वर्षांत एकदा. निळीच्या आत घर नाहीच, निळी आणि लालच्या मधे असेल तर जोतं लालच्या वर. आणि सांगलीकर ज्याला ओत म्हणतात ती खोलगट जागा, ती बुजवून गुंठेवारीत किती घरं झाली आणि दर पावसाळ्यात त्यांच्या दारात किती दिवस पाणी असतं हे त्यांनी स्वतः जाऊन बघावं. ओत असेल तर तोच बागेला सोडायचा, पाणी साचायची जागा म्हणूनच ठेवायची.

राहिला प्लॉटांचा आकडा. तुम्ही पाठवलेल्या नकाशावर मी पेन्सिलनं घालून बघितलं, ३८ चे ३४ तरी नक्की होतात, दोन-तीन लहान-मोठे केले तर ३५. ओढ्यावरचा पाईप आणि त्यावरचा भराव वाचतो, रस्ता ओढा ओलांडतो तिथं मोरीही एकच लागते, तीसुद्धा पाईप न टाकता बॉक्सची म्हणजे काँक्रीटची चौकोनी, काठाच्या वरपर्यंत उंच. दोन रिटेनिंग भिंती कमी होतात. हा खर्च मांडून भावापुढं ठेवा, मग बाकीचं बोला. आणि ओपन स्पेसमधल्या आंब्याकडं तोंड असलेले जे आठ प्लॉट होतात ते सगळ्यात आधी विकायला काढू नका, ते शेवटी काढा, रस्ता आणि पायवाट झाल्यावर. घ्यायला आलेला माणूस तिथं सावलीत उभा राहिला की त्याला वेगळं काही सांगावं लागत नाही.

ओढ्याची देखभाल कोण करणार हे मात्र खरेदीखतातच लिहा. सगळ्या प्लॉटधारकांचा संघ, दरवर्षी मे महिन्यात पात्र साफ, पात्रात आणि काठाच्या पट्टीत कुणी बांधकाम करायचं नाही, कंपाउंडची भिंत सुद्धा नाही. नकाशावर ही पट्टी मीटरमध्ये मापं घालून दाखवा आणि जागेवर दर दहा मीटरला दगड पुरा. सध्या पाऊस चालू आहे, तेवढ्यात ते जमिनीवर जायचं काम उरकून घ्या, खुणेचा फोटो काढताना शेजारी कुणालातरी उभं करा म्हणजे उंची कळेल, आणि कंटूरचा नकाशा हातात आला की मग लेआउट काढणाऱ्याकडनं नवीन लेआउट मागा.